पुडीतले जिवाणू गमल्यात आणि शेतात कसे जगवायचे (इंदूरच्या काळ्या मातीतला अनुभव)

जुलैमध्ये मिरचीची रोपं ट्रेमध्ये मस्त उभी असतात, दोन-दोन पानं आलेली, आपण सकाळी पोहे खाऊन गच्चीवर जातो आणि बघतो तर निम्मी रोपं आडवी. देठ मातीपाशी भिजल्यासारखा बारीक झालेला, हात लावला की तुटतो. ज्याच्याकडे हे झालंय त्याला पुढचं सगळं पटकन कळेल. ह्याला रोपं कोलमडणं म्हणतात, पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरश्यांचं काम (शास्त्रवाले पिथियमला खरी बुरशी मानत नाहीत, पण आपल्याला काय, रोप तर गेलंच ना), आणि एकदा पडलेलं रोप कुठलंच औषध परत उभं करत नाही. माझी सलग दोन वर्षं अशी रोपं गेली, तेव्हा आमचे दीर म्हणाले की वहिनी, आम्ही हरभऱ्याला मर (झाड उभ्या उभ्या वाळून जातं तो रोग) लागू नये म्हणून बियाण्याला जी जिवाणूंची पुडी लावतो ती तुम्ही का नाही लावत. ते सांवेरकडे शेती करतात, सोयाबीन आणि हरभरा. तिथून माझं हे जिवाणूंचं वेड सुरू झालं, आता सुदामानगरच्या गच्चीवर शंभरेक गमले आहेत (आम्ही इंदूरवाले कुंडीला गमलाच म्हणतो, समजून घ्या) आणि शेतावरही जाऊन लुडबुड करते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग बाकीचं सोपं आहे. ही पुडी म्हणजे विरजण आहे. विरजण चांगलं असूनही दूध कढत असलं किंवा थंडीत गार असलं की दही लागत नाही, आणि आपण विरजणाला नावं ठेवतो. दुकानदाराला शिव्या देणारे जे लोक मला भेटतात त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालेलं असतं, जिवाणू मेलेले किंवा आपणच मारलेले.

कोण काय करतं ते बघू. झाड मुळांतून साखरेसारखी, आम्लांसारखी बरीच द्रव्यं मातीत सोडतं, त्यामुळे मुळांना लागून असलेल्या मातीत जिवाणूंची गर्दी बाकीच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असते. ह्या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव जर्मनीच्या लोरेंझ हिल्टनरनं १९०४ मध्ये दिलं. आता ह्या गर्दीत रोगवालेही असतात आणि भलेही. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खाण्याचे ठेले लागतात, तिथे ज्यानं आधी ओटा धरला त्याची जागा, नंतर आलेला कितीही चांगलं भुट्ट्याचं कीस करत असो, त्याला उभं राहायला जागाच नाही. मुळांवर पण तसंच चालतं, म्हणून भले जिवाणू रोगाच्या आधी बसवायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं. रोग दिसल्यावर पळत जाऊन पुडी आणणारे नव्वद टक्के निराश होतात (आकडा माझ्या अंदाजाचा, पण अंदाज पक्का आहे).

रोगासाठी मुख्य दोन, स्युडोमोनास फ्लुओरेसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. स्युडोमोनास जागा तर धरतोच, शिवाय एक पिवळट-हिरवं द्रव्य सोडतो जे मातीतलं लोह पकडून आणतं, ह्याला सायडरोफोर म्हणतात, आणि त्यामुळे बुरशीला लोह कमी पडतं. हे द्रव्य अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतं म्हणून नाव फ्लुओरेसन्स. आपल्या माळव्याच्या मातीत चुना जास्त, पीएच साडेसात-आठच्या पुढे, लोह असूनही झाडाला मिळत नाही अशी अवस्था आधीच असते, त्यामुळे ही लोहाची ओढाताण इथे चांगलीच कामी येते. त्याखेरीज दोघंही बुरशीला मारक द्रव्यं तयार करतात, सबटिलिसची इटुरिन, फेन्जायसिन ही नावं तुम्हाला कधीतरी लेबलवर किंवा माहितीपत्रकात दिसतील. आणि एक मजेशीर काम म्हणजे मुळावर हे बसलेले असले की अख्खं झाड सावध होतं, पानावर रोग आला तरी लवकर हातपाय हलवतं. इम्युनिटीसारखंच, फक्त आपल्या लसीइतकं नेमकं नाही.

खतासाठी वेगळी मंडळी. रायझोबियम डाळवर्गाच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडतो, बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञानं १८८८ मध्ये हे गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले, आणि पुढे १९०१ मध्ये त्यानंच अझोटोबॅक्टर शोधला, जो गाठी न करता मातीत मोकळा राहून नत्र पकडतो. भाजीपाल्याला, फुलझाडांना अझोटोबॅक्टर द्या, ज्वारी, मका, गव्हाला अझोस्पिरिलम, तोही नत्र पकडणाराच. आणि पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. काळ्या मातीसाठी माझं मत विचाराल तर एकच खताचा जिवाणू घ्यायचा असेल तर पीएसबी घ्या. आपण डीएपी टाकतो त्यातला बराच स्फुरद मातीतल्या कॅल्शियमला चिकटून अडकून बसतो, झाडाच्या डोळ्यासमोर असूनही तोंडात जात नाही. पीएसबी आम्लं सोडून तो मोकळा करतात. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं टाकलेलं खत मातीत बँकेच्या एफडीसारखं पडलंय, हे ती एफडी थोडी थोडी मोडून देतात.

आता रायझोबियममध्ये एक गडबड हमखास होते ती सांगते. प्रत्येक डाळीचा जिवाणू एक नसतो. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम, मेथीला तिसराच, मटाराला आणखी वेगळा. मूग, उडीद, तूर, चवळी ह्यांचं आपसात जमतं. दिरांनी एका वर्षी जून मधली सोयाबीनची उरलेली पुडी ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याला लावली, वाया कशाला घालवायची म्हणून, आणि पुडी जुनी ती जुनी, वर जिवाणूही चुकीचा. पुडीवर पिकाचं नाव छापलेलं असतं, ते वाचायचं.

खरेदी करताना

आधी तारीख. पावडरवाली पुडी साधारण सहा महिने धरा, लिक्विड वर्षभर किंवा थोडं जास्त, लेबलवर असेल ते खरं. जिवाणू खतं सरकारच्या खत नियंत्रण आदेशात येतात आणि त्यात संख्येची अट आहे, पावडरमध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू आणि लिक्विडमध्ये दर मिलिलिटरला १० कोटी. लेबलवर हे सीएफयू म्हणून लिहिलेलं असतं, ५ × १०चा सातवा घात असं काहीतरी, घाबरायचं नाही, तेच ते. स्युडोमोनास आणि सबटिलिस मात्र रोगासाठी विकले जातात म्हणून ते १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि त्यांच्या पाकिटावर रजिस्ट्रेशन नंबर असायला हवा. नुसतं "सर्व रोगांवर रामबाण, १०० टक्के ऑर्गॅनिक" लिहिलंय आणि जिवाणूचं नावच नाही, संख्या नाही, तर ते तिथेच ठेवून या.

मग दुकान बघा. पाकिटं काचेच्या शोकेसमध्ये उन्हात टांगलेली असतील तर घेऊ नका. मला एका दुकानात गेल्या वर्षीची पुडी नवीन स्टिकर लावून दिली होती, मी घरी येऊन स्टिकर खरवडलं तेव्हा कळलं. आणि दुसरी चूक माझी स्वतःची, मे महिन्यात पुडी घेतली, स्कूटीच्या डिक्कीत टाकली, राजवाड्यावर काम, मग बहिणीकडे, संध्याकाळी घरी. बाहेर बेचाळीस डिग्री, डिक्कीत किती असेल विचार करा. ती पुडी मी नंतर इमानदारीत सगळ्या टोमॅटोला घातली आणि म्हटलं काही होतच नाही. स्युडोमोनासला २५ ते ३० डिग्री आवडतं, त्याच्या फार वर गेलं की जीव जातो. बॅसिलस मात्र बीजाणू करून, म्हणजे स्वतःभोवती जाड कवच करून झोपून राहू शकतो, म्हणून उन्हाळ्यात, किंवा दूरवरून कुरियरनं मागवायचं असेल तर बॅसिलस घ्या. हा एक फरक जरी लक्षात ठेवलात तरी पुष्कळ पैसे वाचतील. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या गमल्यातली माती हाताला चटका देते, त्यात स्युडोमोनास टाकणं म्हणजे त्याला तव्यावर टाकणं.

पाण्याचं

आपल्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीनचं कामच जिवाणू मारायचं. म्हणून आदल्या रात्री बादली उघडी भरून ठेवा, तोंड मोठं असलेली, सकाळी एकदा ढवळा. बोरिंगचं पाणी चालतं. पावसाचं तर सोनंच. आरओमधून वाया जाणारं जे पाणी आपण बादलीत धरतो ते लादी पुसायला वापरा, गमल्याला नको, त्यात क्षार साठलेले असतात आणि काळ्या मातीत आधीच क्षारांची कमी नाही.

बी, रोप, माती

घरच्या पातळीवर मी तीनदा देते. पहिल्यांदा बियाण्याला. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा (पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट सुद्धा नको), हा चिकटपणासाठी. मिरची, वांगी, टोमॅटोच्या पन्नास बियांना गुळाच्या पाण्याचे चार थेंब आणि वर चिमूटभर स्युडोमोनास, वाटीत हलक्या हातानं फिरवायचं, सगळ्या बियांना पांढरा हात लागला की कागदावर सावलीत अर्धा तास. वाळलं की त्याच दिवशी पेरायचं, उद्यावर ठेवायचं नाही. मोठ्या प्रमाणात करायचं तर किलोला १० ग्रॅम हा हिशोब.

दुसऱ्यांदा रोप लावताना. एका लिटर पाण्यात १० ग्रॅम पावडर, रोपाची मुळं त्यात वीस मिनिटं ते अर्धा तास बुडवून ठेवायची आणि संध्याकाळी लावायची. मला विचाराल तर सगळ्यात फायद्याची पायरी हीच, कारण जिवाणू थेट मुळावर बसतात आणि पुडी थोडी लागते. नर्सरीतून आणलेल्या रोपाला तर नक्की करा, कारण नर्सरीतून रोपाबरोबर काय काय येतं हे देवालाच माहीत.

तिसऱ्यांदा मातीत ओतून, पुन्हा लिटरला १० ग्रॅम, लिक्विड असेल तर लेबल बघा, साधारण ५ मिलि असतं. बारा इंची गमल्याला अर्धा लिटर पुरतं. माती आधी ओली हवी, कोरड्या तडकलेल्या मातीत ओतलं की सगळं भेगांतून थेट खालच्या ताटलीत जातं. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर, कारण उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण ह्यांना मारतात. पंधरा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा, मग मी सोडून देते. दर आठवड्याला ओतत बसणारे लोक आहेत, त्यानं नुकसान नाही पण पैशाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

रोपाच्या ट्रेसाठी निव्वळ काळी माती घेऊ नका, पाणी धरून बसते आणि कोलमडण्याला आमंत्रण. मी एक भाग माती, एक भाग जुनं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी नर्मदेची रेती घेते. एक गोष्ट कडू आहे पण सांगते, कोलमडण्यात निम्मा दोष आपल्या पाण्याच्या हाताचा असतो. रोज सकाळ-संध्याकाळ ट्रे चिखल करून ठेवला तर स्युडोमोनासचा बापही काही करू शकत नाही.

शेतावर सोयाबीनला

हा भाग दिरांच्या तोंडून ऐकलेला आणि दोन हंगाम स्वतः ताडपत्रीवर बसून केलेला. सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदुरातच आहे, खंडवा रोडवर, आणि त्यांची शिफारस आहे की ब्रॅडीरायझोबियम आणि पीएसबी दोन्ही किलोमागे ५-५ ग्रॅम. एकराला तीस किलो बियाणं धरलं तर दोन्ही दीडशे-दीडशे ग्रॅम, खर्च म्हणाल तर बाकी कशाच्याही मानानं किरकोळ. पण क्रम चुकवायचा नाही, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, वाळू द्यायचं, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, पेरणीच्या अगदी आधी. सोयाबीनचं साल इतकं नाजूक असतं की ड्रममध्ये जोरात फिरवलं किंवा हातानं चोळलं की तडकतं आणि मग उगवणच होत नाही, मग लोक म्हणतात पुडीनं बियाणं जळलं. ताडपत्रीवर पातळ पसरा, गुळाचं पाणी शिंपडा, कमी, ओलं चिंब नको, आणि ताडपत्रीची टोकं धरून वरखाली करा.

बियाणं कंपनीतूनच गुलाबी-लाल औषध लावून आलेलं असेल तर? तेव्हा दीर जिवाणू बियाण्याला न लावता शेणखतातून देतात. पीएसबी किंवा स्युडोमोनास एकरी एक किलो, वीस किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून, सावलीत ओल्या पोत्याखाली रात्रभर ठेवून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल्या जमिनीवर. पेरणी नेहमीसारखी चार इंच पाऊस झाल्याशिवाय नाहीच, कोरड्यात पेरलं की आपल्या कष्टाचे जिवाणू बियाण्यावर बसल्या बसल्या वाळून जातात.

आणि मग तपासा, हे कोणी करत नाही. महिन्या-सव्वा महिन्यानं दोन-चार झाडं फावड्यानं मुळासकट काढा (उपटू नका, गाठी मातीतच राहतात), पाण्यात धुवा आणि एखादी गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर काम चालू, हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लांबचा भाऊ. पांढरी, हिरवट किंवा पोकळ निघाली तर ती गाठ नुसती शोभेची. गाठी गुलाबी असताना वरून युरिया फेकू नका, आयता नत्र मिळाला की झाड गाठींना पोसणं कमी करतं, फुकटचं जेवण मिळाल्यावर स्वयंपाक कोण करेल. हे शेजारच्या बांधावरच्या काकांना सांगून सांगून दीर थकले.

पोट भरायचं कसं

बाजारातली पुडी म्हणजे पाहुणे, त्यांचा मुक्काम व्हायचा असेल तर मातीत खायला हवं. सेंद्रिय कर्ब नसलेल्या मातीत हे पंधरा दिवसांत ओसरतात, मग पुन्हा पुडी, पुन्हा खर्च. आणि ह्या बाबतीत आपण इंदूरवाल्यांनी तरी मागे राहू नये, कारण जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती इथलीच. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, आणि त्यांनी आपल्याच शेतकऱ्यांच्या शेणापालापाचोळ्यातून ती पद्धत बसवली. पिकाचा पालापाचोळा, त्यावर शेण, त्यावर मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, असे थर, ओलसर ठेवायचे, मधून मधून उलथापालथ करायची म्हणजे हवा लागते, आणि तीनेक महिन्यांत खत तयार. गच्चीवर शेणाचा थर कुठून आणणार, मी ओला कचरा (आपल्याकडे वेगळा करायची सवय सगळ्यांना आहेच, त्यातला अर्धा गाडीत न देता घरी ठेवते), सुकी पानं, मूठभर माती आणि मागच्या ढिगातलं घमेलंभर जुनं कंपोस्ट असं ड्रममध्ये भरते. सुकी पानं दुप्पट, नाहीतर वास सुटतो आणि खालच्या मजल्यावरून निरोप येतो.

कंपोस्ट पूर्ण निवल्यावरच त्यात जिवाणू मिसळायचे, ढीग गरम असताना नाही. ताजं शेण थेट गमल्यात नको. आणि मातीवर सुक्या पानांचा दोन इंच थर ठेवा, उन्हाळ्यात माती थोडी थंड राहते आणि पावसाळ्यात मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. हा थर फुकटचा आहे आणि माझ्या मते पुडीइतकाच कामाचा.

कशाबरोबर द्यायचं नाही

कॉपर, म्हणजे तांब्याची सगळी औषधं, मोरचूद, बोर्डो, ब्लायटॉक्ससारखी, ती जिवाणूंनाही मारतात. स्ट्रेप्टोमायसिनवाली अँटिबायोटिकं अर्थातच मारतात. ब्लीचिंग पावडरनं गच्ची धुतली तर ते पाणी गमल्यात जाऊ देऊ नका. मातीत असं काही ओतलं असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, मग पुडी.

ट्रायकोडर्मा हा जिवाणू नाही, ती भली बुरशी आहे, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेलं असतं म्हणून गोंधळ होतो. तो मूळकुज आणि मर रोगावर उत्तम, पण कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाबरोबर दिला तर बुरशीनाशक त्यालाही बुरशी समजूनच मारणार. स्युडोमोनास आणि ट्रायकोडर्मा दोन्ही द्यायचे तर मी आठ दिवसांच्या अंतरानं देते, एकाच बादलीत कालवत नाही, दोघंही दुसऱ्या बुरश्या-जिवाणूंशी भांडायलाच तर ठेवलेत, आपसात भांडणार नाहीत ह्याची गॅरंटी काय.

जीवामृताबद्दल सगळे विचारतात. नेहमीचं प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. घरी वीस लिटरच्या बादलीला ह्याचा दहावा हिस्सा, सावलीत, कपडा बांधून, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळून दोन-तीन दिवस, मग आठवड्याच्या आत संपवायचं. मी वापरते, माती भुसभुशीत होते असं मला वाटतं, पण त्यात कोणते जिवाणू किती हे कोणी मोजलेलं नसतं, त्यामुळे ठराविक रोगासाठी त्यावर भरवसा ठेवत नाही. आणि कच्च्या खायच्या पालेभाजीवर, कोथिंबिरीवर ते शिंपडू नका, शेणच आहे शेवटी. एक पुडी आणून गुळाच्या पाण्यात दोनशे लिटर स्युडोमोनास "वाढवायचे" जे जुगाड चालतात ते मी करत नाही. उघड्या ड्रममध्ये गूळ घातला की हवेतलं, पाण्यातलं, हाताचं सगळंच वाढतं, तुमचाच वाढला हे लॅबशिवाय कळायचं कसं, आणि स्युडोमोनासच्या खानदानात एरुजिनोसा नावाचा एक नग आहे जो आजारी माणसांना इन्फेक्शन करतो. म्हणून पुडी कालवताना सुद्धा तोंडाला मास्क किंवा ओढणी, नंतर साबणानं हात, आणि घरात कोणाची कीमो वगैरे चालू असेल तर त्यांना ह्या कामापासून लांब ठेवा.

काय होणार नाही

मिरचीची पानं चुरडामुरडा होतात तो बऱ्याचदा व्हायरस असतो, पांढरी माशी आणते, मातीतल्या जिवाणूनं तो बरा होत नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅकही तसाच. मर लागून निम्मं वाळलेलं टोमॅटोचं झाड परत हिरवं होत नाही, ते मातीसकट काढून टाका आणि पुडीचं पाणी शेजारच्या गमल्यांना ओता, तिथे उपयोग आहे. फळं दुप्पट लागतात वगैरे जाहिरातीत असतं, माझ्याकडे टोमॅटोत डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही, खरं ते सांगते. फरक दिसला तो रोपांच्या ट्रेमध्ये आणि वांग्याच्या मुळांमध्ये, पांढरी बारीक मुळं गच्च.

तुम्ही स्वतः बघायचं असेल तर सगळ्या गमल्यांना एकदम देऊ नका. पाच गमल्यांना द्या, पाचांना नुसतं पाणी, माती तीच, ऊन तेच, गमल्याखाली खडूनं खूण करून ठेवा. सगळ्यांना दिलं तर चांगलं झालं ते पुडीनं की यंदा पाऊसच बरा होता म्हणून, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आमच्या दिरांनी सुद्धा शेवटी चार ओळी कोऱ्या सोडायला सुरुवात केली, आधी म्हणायचे वहिनी, चार ओळींचं नुकसान कोण भरून देणार.

पावसाळा लागला की सुरू करा, जुलै ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला काळ, डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात काम हळू चालतं एवढंच. फोडलेल्या पुडीचं तोंड रबरबँडनं घट्ट बांधा, वर तारीख लिहा, महिन्याभरात संपवा, फ्रीजरमध्ये टाकू नका, अंधाऱ्या थंड कपाटात ठेवा, आणि नाव मोठ्या अक्षरात लिहा, कारण टाल्क पावडरीत कालवलेली पुडी दिसायला अगदी पांढरीशुभ्र बारीक असते. मागच्या दिवाळीत माझ्याकडची अर्धा किलो पुडी सासूबाईंनी दारात ठिपक्यांच्या रांगोळीला वापरली, म्हणाल्या ह्या वर्षीची रांगोळी फार बारीक मिळाली गं, कुठून आणलीस.